तारीख कुठून बदलली

इंदापूरहून बारामतीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली की मी डोकं टेकवते आणि मनात म्हणते, आता बारामती येईस्तोवर मला कुणी काही विचारू नका. निमगाव केतकी यायच्या आत फोन वाजतोच. "मॅडम, स्क्रीन नुसती गोलगोल फिरतीया." फिरू दे बाबा, मी तरी दुसरं काय करतेय? असं ओठांवर येतं, पण बोलत नाही. मी म्हणते, एकदा बंद करून चालू करा. अर्ध्या लोकांचं तेवढ्यानं भागतं. उरलेल्यांसाठी मी ऑफिसात पोचल्यावर डोकं फोडत बसते.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला, एका टायरच्या दुकानाच्या वर आमची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. आम्ही आमच्याच भागातल्या एका साखर कारखान्याचं ऊसनोंदीचं काम बघत होतो. कुठला कारखाना ते विचारू नका, सांगणार नाही. काम असं की शेतकऱ्यानं ऊस कधी लावला ती तारीख गावच्या गट ऑफिसातला क्लार्क वेबसाइटवर भरतो. ज्याची लागण आधी त्याचा ऊस आधी तुटतो. सगळी भांडणं त्या एका तारखेपायी. हंगामात भावाभावांचं बोलणं बंद होतं ते याच्यावरून. मी सासरी आले तेव्हा मला वाटायचं, लोक गंमत करतायत.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडकलंय. गट ऑफिसात काही बिघडलं की क्लार्क फोन करतो आणि म्हणतो, "मॅडम, माझ्या नावानं तुमीच आत जावा अन् बघा की." आणि पासवर्ड सांगून मोकळा होतो. पहिल्यांदा मी नको म्हणायची. लोक दुखावायचे. "आमचा तुमच्यावर इस्वास हाय की, घ्या लिहून!" पासवर्ड न घेणं म्हणजे कुणाच्या दारात जाऊन चहा नाकारण्यासारखं. शेवटी मी हात टेकले. माझ्या लॅपटॉपमध्ये अर्ध्या तालुक्याचे पासवर्ड जमा झाले. नाव दाबलं की दार आपोआप उघडायचं, पुन्हा टाइप करायचाही त्रास नाही. दमलेल्या माणसाला असलं काही मिळालं की तो फार विचार करत नाही.

हंगाम ऐन भरात असताना कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांचा फोन आला. लासुर्ण्याच्या गटात काही प्लॉटच्या लागणीच्या तारखा कुणीतरी मागं नेल्या होत्या, म्हणजे ते प्लॉट तोडीला पुढं आले होते.

"नोंद तिथल्या क्लार्क बाईंच्या नावानं झालीय," साहेब म्हणाले. "आणि त्यात त्यांच्या सासऱ्यांचा प्लॉट आहे. आता बोला! मला फक्त कुठल्या कॉम्प्युटरवरून झालं तेवढं काढून द्या. आयपी ॲड्रेस का काय म्हणता ना तुम्ही, तो. शुक्रवारी बैठक आहे, तिथं विषय संपवून टाकू."

विषय संपवायचा म्हणजे बाईला घरी पाठवायचं, हे न सांगता कळलं.

ती बाई मला चांगली माहीत होती. आमची एसटी लासुर्ण्यावरूनच जाते. कधीकधी ती फाट्यावर उभी असायची आणि खिडकीतून मला भुईमुगाच्या शेंगा नाहीतर शेवगा द्यायची. नको म्हटलं तर पिशवी सरळ मांडीवर टाकायची. कितीतरी हंगाम तिनं हंगामी म्हणून काढले होते आणि यंदा ती कायम होणार होती. नवऱ्याचं काम बारामतीच्या एमआयडीसीत, कधी असतं कधी नसतं. घर हिच्यावरच चालायचं. साहेबांनी तिला बैठकीपर्यंत ऑफिसात येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाज बसलेला.

"मॅडम, देवाशपथ, मी हात लावला न्हाय वो. सासरे म्हणत्यात, केलं असशील तर सांगून टाक, मोकळी हो. घरातच कुणी खरं मानंना, बाहेरच्यांचं काय घिऊन बसलाय! तुमी तेवढं मशीनमधनं काढा. मशीन खोटं बोलत न्हाय म्हणत्यात."

"काढते गं," मी म्हटलं. "रडू नकोस. काढते मी."

मोठ्या तोऱ्यात म्हटलं. दुसऱ्या दिवशी नोंदी उघडल्या. तारीख बदलणाऱ्याचा पत्ता समोरच होता, आणि तो कारखान्याच्या आवारातला होता. तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि मी बोलून बसले. झालं! साहेब एकदम खूश.

"म्हणजे आपल्याच माणसानं आपल्याच आवारातनं केलंय. परवा त्या बाई कारखान्यावर आल्या होत्या की मिटिंगला. बसलं की गणित!"

"साहेब, थांबा, मी अजून बघतेय."

"आता आणि काय बघायचं राहिलं?"

मला माझाच राग आला. मग मी काही दिवसांपूर्वीची माझी स्वतःची नोंद शोधली. त्या दिवशी मी रजेवर होते आणि इंदापुरातून, घरी बसून एक चूक दुरुस्त केली होती. तिच्यापुढं पत्ता कुठला? तोच, कारखान्याच्या आवारातला! त्याआधीची नोंद, तीही तिथलीच. सणसरचा क्लार्क, बेलवाडीचा क्लार्क, शेतातून मोबाइलवर नोंदी भरणारे कारखान्याचे चिटबॉय, सगळी माणसं एकाच जागी बसून काम करतायत म्हणे. कपाळावर हात मारला मी.

काय झालं होतं ते साध्या भाषेत सांगते. कारखान्याच्या गेटवर वॉचमन असतो. बाहेरचा माणूस निरोप त्याच्याकडं देतो आणि वॉचमन तो आत पोचवतो. आतल्या माणसाला विचारा, निरोप कुणी आणला? तो म्हणणार, वॉचमननं. आमच्या वेबसाइटच्या पुढंही असाच एक सर्व्हर गेटवर बसवलेला होता, कारखान्याच्याच आवारात. सगळ्या जगाच्या विनंत्या त्याच्या हातून आत यायच्या आणि आमचा प्रोग्रॅम इमानेइतबारे दर वेळी वॉचमनचा पत्ता लिहून ठेवायचा. खरा पत्ता वॉचमन सोबतच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचा, पण ती चिठ्ठी वाचायचं आमच्याकडं कुणाला सुचलं नव्हतं. आणि या असल्या पुराव्यावर एका बाईची नोकरी जायला निघाली होती.

मी प्रोग्रॅम बदलला. चिठ्ठी वाचायची, पण आपल्याच वॉचमनच्या हातची असली तरच खरी मानायची, कारण बाहेरचा कुणीही तशी खोटी चिठ्ठी लिहून पाठवू शकतो. हे झालं पुढच्यासाठी. मागचं काय? नशिबानं गेटवरचा सर्व्हर आलेल्या प्रत्येकाचा पत्ता काही दिवस स्वतःजवळ ठेवतो. कारखान्यातल्या संगणक विभागाकडं ती फाइल मागितली. तिथला माणूस लग्नाला गेला होता. मग फोन, पुन्हा फोन, साहेबांना मधे घालून आणखी एक फोन. तोवर माझा जीव टांगणीला, आणि माझ्यापेक्षा तिचा.

मधल्या दिवसांत एसटी लासुर्ण्यात थांबली की मी गट ऑफिसकडं बघायची. पायरीवर माणसं बसलेली असायची, आत दुसऱ्याच गावचा क्लार्क. गाडीत चढलेल्या दोन बायका बोलत होत्या, "सासऱ्याचा ऊस फुडं घेतला म्हणं तिनं. दिसती गरीब, पर बघ की!" मला वळून बोलावंसं वाटलं. पण काय बोलणार? माझ्याकडं अजून काहीच नव्हतं.

फाइल आली ती दुपारी, डबा खाऊन झाल्यावर. तारखा बदलल्याच्या वेळा एका बाजूला ठेवल्या आणि फाइलमधल्या वेळा दुसऱ्या बाजूला. जुळल्या. समोर पत्ता आला आणि मला तो कुणाचा हे शोधावं लागलं नाही. तो मला पाठ होता.

वेबसाइट कुणालाही उघडते, पण सर्व्हरची दुरुस्ती घरून करायची तर तो ओळखीच्या पत्त्यालाच आत घेतो, म्हणून मी इंटरनेटवाल्याच्या मागं लागून घरासाठी कधी न बदलणारा पत्ता घेतला होता. तो मीच आमच्या सर्व्हरमध्ये भरला होता. आमचं घर, इंदापूर.

चुकलं असेल म्हणून पुन्हा जुळवलं. तेच. मग प्लॉट पुन्हा पाहिले. आत्तापर्यंत मी त्यांच्याकडं नुसते नंबर म्हणून बघत होते. सासरची शेती तिथलीच, आता डोळे मिटून ते शिवार आठवलं. पहिला प्लॉट डांबरी रस्त्याला लागून. दुसरा त्याच्या आतला. तिसरा क्लार्कच्या सासऱ्यांचा. आणि सगळ्यात आत, कॅनॉलच्या कडेला, आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. त्याची तारीख कुणी बदललेली नव्हती. गरजच नव्हती. उभ्या उसातनं ट्रेलर आत जात नाही. पुढचे तीन प्लॉट तुटले की वाट मोकळी होते, आणि शिवारात उभी असलेली तोडीची टोळी आतला एकच प्लॉट सोडून जात नाही. परत येणं कुणाला परवडत नाही, म्हणून साहेबही त्याला हो म्हणतात. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्लार्कच्या सासऱ्यांचा ऊस कुणी त्यांच्यासाठी पुढं काढला नव्हता. तो फक्त आमच्या वाटेत होता.

नवरा माझा शिक्षक आहे. सरळ माणूस, सगळं गाव सांगेल. मी घरी पोचले तेव्हा तो पेपर तपासत बसला होता. चपलाही काढल्या नाहीत मी.

"अहो, लासुर्ण्याच्या तारखा तुम्ही बदलल्या?"

त्यानं पेन खाली ठेवलं. नाही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं मला, खोटं का होईना.

"आपल्या प्लॉटला मी हात नाही लावला," तो म्हणाला.

"वा! काय प्रामाणिकपणा!"

"तू ऐकून तरी घे. आबा रोज फोन करतात, तुला नाही, मला. टोळी कवा येणार, टोळी कवा येणार. उसाला तुरा आला, आतनं पोकळ पडतोय. पारावर बसले की लोक त्यांना ऐकवतात, सून कारखान्याचं मशीन चालवती आन् तुमचाच ऊस उभा! या वयात त्यांना ते सोसत नाही गं. तुला एकदा म्हटलं तर तू अंगावर आलीस."

"आले, आणि पुन्हा येईन. आणि ती बाई? तिच्या नावानं केलंत तुम्ही."

"मी कुठं तिचं नाव शोधत बसलो? लासुर्णे दिसलं, दाबलं, उघडलं. ती यात येईल असं वाटलं होतं का मला?" मग म्हणाला, "हंगामीच आहे ती. लागेल दुसरीकडं कुठंतरी."

तेव्हा मी ओरडले. इतक्या वर्षांच्या संसारात अशी ओरडले नव्हते. शेजारच्या काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकायला असणार. लाज वाटली नाही. कुठंतरी लागेल म्हणे! या माणसाबरोबर मी रोज जेवते, याच्या आईच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसले, आणि याला असं बोलवतं?

मग तो हळूच म्हणाला, "तू म्हणून टाक ना, पत्ता सापडत नाही. तूच म्हणतेस की निम्म्या वेळा सापडत नाही."

आणि ते खरं होतं, हेच तर दुखणं. मोबाइलवरून काही केलं असेल तर एका पत्त्यामागं हजारो माणसं असतात, माणूस सापडत नाही. मी 'तांत्रिकदृष्ट्या सांगता येत नाही' एवढं म्हटलं असतं तर त्या बैठकीत एकालाही उलट विचारता आलं नसतं. मान डोलावून चहा घेतला असता सगळ्यांनी. माझं घर राहिलं असतं, नोकरी राहिली असती. मी इतकी दमले होते की कुणी नुसतं पाठीवर हात ठेवून 'असू दे, झोप' म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं. भाकरी थापताना 'सांगता येत नाही' हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलं. एकदा नाही, दोनदा. सोपं होतं.

शुक्रवारी सकाळी मी नवऱ्याला विचारलं, येताय का माझ्याबरोबर? तो म्हणाला, शाळेत तपासणी आहे. शर्टाची बटणं लावताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

कारखान्याच्या ऑफिसात लांब टेबल, त्यामागं शेतकी अधिकारी आणि दोन संचालक. त्यातल्या वयस्कर संचालकांना सगळे तात्या म्हणतात. क्लार्क भिंतीपाशी उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. खुर्ची रिकामी होती, पण तिला बस कुणी म्हटलं नव्हतं. मी आधी ती खुर्ची ओढून तिला बसवलं. मग वॉचमनची गोष्ट सांगितली. आधीचा पत्ता कसा चुकीचा होता ते सांगितलं, साहेबांना आवडलं नाही तरी.

"बरं, मग खरा पत्ता कुणाचा हाय?" तात्यांनी विचारलं.

"माझ्या घरचा."

तात्या खुर्चीत पुढं सरकले.

"म्हंजे?"

"माझ्या इंदापूरच्या घरातून, माझ्या लॅपटॉपवरून झालंय तात्या. माझ्या नवऱ्यानं केलं. पुढचे प्लॉट तुटले की आमच्या आबांच्या उसाला वाट होणार होती. या बाईंचा पासवर्ड माझ्या लॅपटॉपमध्ये होता. त्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही."

"मॅडम, तुमी काय बोलताय ते कळतंय का तुमाला?"

"कळतंय. तारखा होत्या तशा करा. आमचा ऊस त्याच्या नंबरावर तुटू दे, वाळून गेला तरी चालेल."

साहेब खाली बघून कागद सारखे करत राहिले. मग बरंच बोलणं झालं, त्यातलं मला थोडंच आठवतं. क्लार्क सोमवारपासून कामावर, आणि कायम व्हायचंही ठरलं तसंच. कारखान्याचं काम आमच्या कंपनीनं माझ्याकडून काढून घ्यावं असं ठरलं. मी मान डोलावली. आमच्या मालकांनी नंतर मला दुसऱ्या कामावर टाकलं, फार काही बोलले नाहीत. आबांनी मात्र अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही, आणि नवरा बोलतो ते भाजी काय आणू एवढंच.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी ती मला गाठायला आली. तोंड धुतलेलं, डोळे लाल. मला वाटलं, आता रागावेल, आणि रागावलेलीच बरी.

"माफ कर गं," मी म्हटलं. "माझ्या घरानं तुझे इतके हाल केले."

"मॅडम, मला आधीच कळलं हुतं."

"काय कळलं होतं?"

"की तुमच्याकडनंच कुठनंतरी झालंया. माझा पासवर्ड मी जगात एकाच माणसाला दिल्याला, तुमाला. साहेबांनी पहिल्याच दिशी इचारलं, आणि कुणाकडं हाय का. मी म्हणलं, न्हाय."

"अगं वेडे, सांगायचं नाही का? नोकरी चालली होती तुझी!"

"तुमी करणार न्हाय, हे मला म्हाईत हुतं. मग उगं तुमचं नाव घिऊन तुमाला कशाला गुतवायचं? म्हणलं, मॅडम शोधत्यात तर खरं काय ते त्याच सांगत्याल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगितलंच की तुमी."

मला तिच्याकडं बघवेना. भाकरी थापताना दोनदा म्हणून पाहिलेल्या त्या वाक्याबद्दल मी तिला काहीच बोलले नाही. आजही सकाळच्या एसटीत लासुर्ण्याच्या फाट्यावर ती उभी असते, खिडकीतून पिशवी माझ्या मांडीवर टाकते, आणि मी ती घेते. ते वाक्य अजून सांगितलेलं नाही.